दिलेली माहिती पुरेशी आहे काय?

‘एका जहाजावर २६ मेंढ्या व १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी सन १९७९ च्या सुमारास हा प्रश्न प्राथमिक शाळेतील ९७ मुलांस विचारला. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची आकडेमोड करून वय सांगून टाकले! हा दोष बुद्धीचा नव्हे, सवयीचा आहे. प्रत्येक उदाहरणास उत्तर असतेच, अशी मुलांची समजूत झालेली असते.

ही समजूत दूर करण्यास माहितीची पर्याप्तता तपासण्याची उदाहरणे फार उपयोगी पडतात. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांतही ती विचारली जातात. त्यांत उत्तर काढावयाचे नसते. ते निश्चितपणे निघेल काय, एवढेच ठरवावयाचे असते.

उदाहरण १. आयताकृती शेताचे क्षेत्रफळ किती?
(अ) लांबी रुंदीच्या दुप्पट आहे.
(आ) परिमिती १२० मीटर आहे.

फळ्यावरील (आ) झाकून प्रथम (अ) चा विचार करवावा. शेत २० × १० मीटरचे असेल किंवा ४० × २० मीटरचेही असेल. म्हणून (अ) अपुरे. नंतर (अ) झाकावे. ४० × २० व ५० × १० या दोन्ही शेतांची परिमिती १२० मीटरच. म्हणून (आ) ही अपुरे. ‘लांबी दुप्पट’ हे मनात राहून मुले येथे फसतात. दोन्ही विधाने एकत्र घेतली म्हणजे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर असे निश्चित होते.

उदाहरण २. एका संख्येस ६ ने निःशेष भाग जातो काय?
(अ) तिला ३ ने निःशेष भाग जातो.
(आ) तिच्या एककस्थानी ७ आहे.

९ व १२ या संख्या घेताच (अ) अपुरे ठरते. (आ) वरून संख्या विषम ठरते. म्हणून भाग जात नाही. ‘नाही’ हेही निश्चित उत्तरच होय. सबब (आ) एकटेच पुरेसे.

विधानात बसणारी, परंतु भिन्न उत्तरे देणारी दोन उदाहरणे सापडली की माहिती अपुरी ठरते. ती न सापडल्यास मात्र माहिती पुरेशी का, याचे कारण मुलांनी सांगितले पाहिजे.

शिक्षकबंधुभगिनींनी नेहमीच्या गणितांत अधूनमधून एखादे अपुरे उदाहरण मुद्दाम घालावे, आणि ‘गुरुजी, हे सांगता येणार नाही’ असे सकारण म्हणणाऱ्या मुलास पूर्ण गुण द्यावेत. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ‘व्याजाचा दर लिहिला, पण मुदत कोठे आहे?’ असे विचारण्याचे धैर्य त्याच्या अंगी येथूनच यावयाचे आहे.