गल्लीतला धंदा आणि तुमची बचत

तुम्ही बँकेत ठेवलेले पैसे पुढे कुठे जातात, हा प्रश्न काउंटरवर मला फार क्वचित कोणी विचारते. व्याज किती मिळेल, हे मात्र प्रत्येक जण विचारतो. या पाठात आपण पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तुमच्या घराजवळची पिठाची गिरणी, शिलाईचे दुकान किंवा नाश्त्याची गाडी चालते की बंद पडते, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

तुमच्या ठेवीतला काही भाग बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, काही सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो आणि उरलेला कर्जाऊ दिला जातो. एखाद्या शाखेत १०० रुपयांच्या ठेवी असतील आणि तिने ६५ रुपयांची कर्जे दिली असतील, तर तिथला कर्ज-ठेव गुणोत्तराचा आकडा ६५ टक्के झाला. बोलताना आम्ही याला सीडी रेशो म्हणतो. ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी बँकांनी देशपातळीवर हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत न्यावे, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. ज्या जिल्ह्यात ते ४० टक्क्यांखाली जाते, तिथे कारणे शोधायला खास उपसमिती बसते. आकडा कमी असणे म्हणजे त्या भागातल्या माणसांची बचत गोळा होऊन दुसऱ्याच कुठल्या मोठ्या शहरातल्या धंद्याला जाते आहे.

ही काळजी जुनी आहे. १९६९ मध्ये प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी एकेक भाग वाटून घेऊन तिथल्या गरजा पाहाव्यात, असे सुचवले. त्याच वर्षाच्या अखेरीस लीड बँक योजना सुरू झाली. आज देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते आणि तिच्या कार्यालयात अग्रणी जिल्हा व्यवस्थापक बसतो. एखादी शाखा तुम्हाला नुसतीच फिरवत असेल तर या माणसाकडे जाता येते. बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसते.

आता माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते.

मी इंदूरच्या एका शाखेत काम करते. शाखेपासून दोन गल्ल्या सोडून एक मावशी सकाळी पोहे-जिलेबीची गाडी लावतात. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी. एका दुपारी त्या कर्ज मागायला आल्या. महिनाअखेर होती, समोर रांग होती. मी म्हटले, ‘‘मावशी, कागद घेऊन या, मग बघू.’’ कोणता कागद, तो कुठे मिळतो, हे मी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. ‘‘बरं मॅडम’’ म्हणून त्या गेल्या आणि परत आल्या त्या आठ महिन्यांनी.

मधल्या काळात त्यांनी रोज वसुलीवाल्याकडून पैसे उचलले होते. हा प्रकार तुमच्याही गावात असेल. कर्ज १०,००० रुपये, पण १,००० आधीच कापून हातात ९,०००. मग रोज १०० रुपये, १०० दिवस. मावशींच्या मते हे ‘‘दहा टक्क्यांनी’’ घेतलेले कर्ज होते. वसुलीवालाही तसेच म्हणतो, आणि त्याच्या आकड्यात खोटे काही नाही. फक्त त्याने वेळ मोजलेला नाही.

आपण मोजू. मावशींच्या हातात ९,००० रुपये पूर्ण १०० दिवस राहिलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते परत जाऊ लागले. पन्नासाव्या दिवशी निम्मे फिटलेले असतात. म्हणजे सरासरीने त्यांनी साधारण ४,५०० रुपयेच वापरले आणि त्यासाठी १,००० रुपये मोजले, तेही सव्वातीन महिन्यांत. वर्षाच्या हिशेबात हा दर ७५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पडतो.

बँकेकडून त्यांना जे मिळू शकत होते ते असे. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ती बदलून वाढवली. आता पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, ते वेळेवर फेडले की दुसरे २५,००० पर्यंत आणि तिसरे ५०,००० पर्यंत मिळते. तारण लागत नाही. व्याजदर बँकेप्रमाणे बदलतो, पण हप्ते वेळेवर भरले तर ७ टक्के व्याजाची रक्कम सरकार खात्यात परत जमा करते. समजा १५,००० रुपये १२ टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १,३३३ रुपये आणि वर्षभराचे व्याज सुमारे ९९३. त्यातूनही साधारण ५८० रुपये परत येतात.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. तिकडे ९,००० रुपये १०० दिवसांसाठी, खर्च १,०००. इकडे १५,००० रुपये वर्षभरासाठी, खर्च त्याहूनही थोडा कमी. आठ महिन्यांत मावशींच्या जवळजवळ अडीच फेऱ्या झाल्या. माझ्या एका अर्धवट वाक्याची किंमत त्यांना २,४०० रुपयांच्या आसपास पडली.

तो ‘‘कागद’’ म्हणजे पालिकेने दिलेले विक्री प्रमाणपत्र किंवा फेरीवाला ओळखपत्र. ते नसेल तर पालिकेचे शिफारसपत्र चालते. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींच्या असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिलांच्या. म्हणजे शिफारसपत्र मागताना कोणाचे पाय धरायची गरज नाही. ती सरकारी प्रक्रिया आहे.

पण मला त्या दिवशी खरे शिकायला मिळाले ते हप्त्याच्या हिशेबातून. परत आल्यावर मी मावशींना बसवून घेतले आणि कागदावर लिहायला लागलो आम्ही दोघी. रोजची विक्री २,२००. पोहे, तेल, साखर, गॅस मिळून १,३५०. मदतीच्या मुलाला २५०. जागेचा आणि सफाईचा किरकोळ खर्च ५०. उरले ५५०. ‘‘घरखर्च रोजचा ४००,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘म्हणजे दीडशे राहतात. शंभर त्याला दिले तरी पन्नास शिल्लक. मग मॅडम, महिन्याला पैसे कमी का पडतात?’’

उत्तर त्यांच्याच कॅलेंडरात होते. गाडी महिन्यातून २६ दिवस लागते. घरात मात्र ३० दिवस जेवण होते आणि वसुलीवालाही ३० दिवस येतो. २६ दिवसांचे ५५० प्रमाणे १४,३०० रुपये आले. ३० दिवसांचे ४०० प्रमाणे १२,००० घरात गेले. उरले २,३००. वसुलीवाल्याला गेले ३,०००. दर महिन्याला ७०० रुपयांचा खड्डा, आणि तो बुजवायला शंभर दिवस संपताच नवी फेरी. मावशी कर्ज धंद्यासाठी घेत होत्या असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्या आधीचे कर्ज फेडण्यासाठी पुढचे घेत होत्या.

बँकेचा १,३३३ रुपयांचा हप्ता २,३०० मध्ये बसतो. तरीही मी त्यांना सांगितले की पावसाळ्याचा महिना धरा. २२ दिवसच गाडी लागली तर मिळकत १२,१०० आणि शिल्लक फक्त १००. तेव्हा हप्ता कुठून देणार? म्हणून कर्ज मिळताच त्यातून दोन हप्त्यांची रक्कम बचत खात्यात वेगळी राखायची आणि त्याला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले. कर्जाच्या पैशातून बचत करायची हे ऐकायला विचित्र वाटते. माझ्या एका सहकाऱ्याला तर ते अजिबात पटले नाही. तो म्हणतो, व्याज भरून पैसा पडून ठेवायचा कशाला. मला वाटते, एक हप्ता चुकला की व्याजाची सवलत आणि पुढच्या मोठ्या कर्जाचा हक्क दोन्ही धोक्यात येतात. त्या मानाने पडून राहिलेल्या पैशाचे व्याज अगदी थोडे आहे.

तुमचे किंवा तुमच्या घरातल्या कोणाचे छोटे दुकान असेल तर हा २६ आणि ३० चा हिशेब आधी करा, कर्जाचा अर्ज नंतर.

थोडा मोठा धंदा असेल तर मुद्रा कर्ज. ८ एप्रिल २०१५ पासून ही योजना आहे. ५०,००० पर्यंत शिशु, तिथून ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत तरुण प्लस. यालाही तारण नाही. यात सबसिडी नसते, पैसे परत करायचे असतात, हे मुद्दाम लिहिते, कारण ‘‘मुद्रा माफ होते’’ असे सांगून फॉर्मचे पैसे उकळणारे एजंट अजून फिरतात. मुद्रा कर्जासाठी एजंट नेमलेले नाहीत. उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारा माणूस तुमचाच आधार क्रमांक तुमच्यासमोर टाइप करून पैसे घेत असतो.

दर ऐकताना एक शब्द कान देऊन ऐका: फ्लॅट. १ लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के ‘‘फ्लॅट’’ म्हणजे पूर्ण लाखावर दोन वर्षांचे व्याज, २४,००० रुपये. तेच कर्ज १२ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर व्याज सुमारे १२,९७६. आकडा एकच, व्याज जवळजवळ निम्मे. १२ टक्के फ्लॅट हा घटत्या शिलकीच्या हिशेबात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी किरकोळ व छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जासाठी मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात फी वगैरे सगळे धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते मागून घ्या आणि तेवढा एक आकडा वाचा.

दुकान तुमचे नसेल, पण शेजाऱ्याचे असेल, तरी हा विषय तुमच्या दारात येतो. बहुधा असा: ‘‘काका, बँकेत जामीन राहाल का? नुसती सही आहे.’’ नुसती सही नसते. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे लिहिलेले नसेल तर बँक आधी कर्जदाराच्या मागे लागून थकल्यावरच तुमच्याकडे येईल असे नाही. ती थेट येऊ शकते. शिवाय ते कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते आणि उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला गेलात की आड येऊ शकते. जामीन राहू नका असे मी म्हणणार नाही. माणसे एकमेकांसाठी उभी राहतात म्हणूनच गल्ली चालते. पण जितकी रक्कम स्वतः भरायची तुमची तयारी आणि ऐपत आहे, तितक्यालाच सही करा. आणि ज्या मुद्रा कर्जाला तारण लागतच नाही, त्यासाठी कोणी तुमच्या ठेवीची पावती मागत असेल, तर का, ते लेखी विचारा.

दुसरा प्रस्ताव असा येतो की पैसे बँकेत कशाला, माझ्या दुकानात ठेवा, महिना दोन टक्के देतो. नातलगाला हातउसने देणे वेगळे. पण जो दहा जणांकडून अशा ठेवी गोळा करतो, त्याचा तो धंदाच २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात बसू शकतो, आणि बुडाल्यावर दाद मागत फिरणे तुमच्या वाट्याला येते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपयांचे विमा संरक्षण असते. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांना नाही. नावे सारखी वाटतात म्हणून पासबुकावर ‘बँक’ लिहिले आहे की ‘पतसंस्था’, ते आजच पाहा.

मावशींची पुढची हकिकत थोडक्यात. चालू फेरीचे ४० दिवस त्यांनी संपू दिले, नवी घेतली नाही. गाडीवर क्यूआर लावला. खात्यात रोज विक्री दिसू लागली, आणि मला पुढच्या वेळी कागदाइतकाच त्या पानांचा उपयोग होणार आहे. पहिल्या कर्जाचे सात हप्ते भरले आहेत. त्यांतला एक राखून ठेवलेल्या पैशांतून, कारण ऑगस्टात गाडी १९ दिवसच लागली.

करून पाहा: शिलाईच्या दुकानासाठी ५०,००० रुपये एका वर्षासाठी हवे आहेत. एक संस्था म्हणते, १० टक्के फ्लॅट, शिवाय १,००० रुपये फी. दुसरी म्हणते, १६ टक्के घटत्या शिलकीवर, फी नाही, हप्ता ४,५३७ रुपये. स्वस्त कोणती?

उत्तर: पहिलीत व्याज ५,००० आणि फी १,०००, मिळून ६,०००. दुसरीत १२ हप्त्यांचे सुमारे ५४,४४० रुपये जातात, म्हणजे खर्च ४,४४० च्या आसपास. १६ टक्केवाली दीड हजाराने स्वस्त.