या सुट्टीत मुलांच्या हाती एक काम द्या



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की घरोघरी एकच विषय असतो: मुलांना नाताळची सुट्टी लागली, आता काय करायचे? फिरायला जायचे ठरते, केक येतो, भेटवस्तू येतात, मोबाइलही नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात राहतो. यात गैर काही नाही. पण सुट्टी संपताना मुलाला एवढेच विचारून पाहा, "या दिवसांत तुझ्यामुळे कोणाचे काम थोडे हलके झाले का?" बहुतेक मुले गोंधळतील. आपण त्यांना पुष्कळ दिलेले असते, पण त्यांचीही कोणाला गरज आहे, हे कधी जाणवू दिलेले नसते.

ज्या येशू ख्रिस्तांच्या जन्मदिनामुळे ही सुट्टी मिळते, त्यांनी अखेरच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय स्वतः धुतले. आपल्या महाराष्ट्रातही हे दिवस सेवेचेच आहेत. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. गावात पाऊल टाकताच ते आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री करीत. २४ डिसेंबर १८९९ हा साने गुरुजींचा जन्मदिवस आणि २६ डिसेंबर १९१४ हा बाबा आमटे यांचा. मुलांना या तिघांच्या गोष्टी जरूर सांगा. मात्र केवळ गोष्ट ऐकून सेवा अंगी येत नाही. त्यासाठी हातात काम यावे लागते.

चंडीमंदिरच्या परिसरातील शिकवण

चंडीगडजवळचे चंडीमंदिर हे लष्करी ठाणे आहे. येथील चंडीदेवीच्या मंदिरावरूनच चंडीगड शहराला नाव मिळाले. लष्करातील मराठी कुटुंबेही बदलीच्या निमित्ताने येथे येऊन राहतात. जवळच घग्गर नदीच्या काठी नाडासाहिब गुरुद्वारा आहे. १६८८ मध्ये भंगाणीच्या लढाईनंतर परतताना गुरु गोविंदसिंग येथे थांबले होते. त्या वेळी नाडू शाह नावाच्या गावकऱ्याने त्यांची आणि त्यांच्या सैनिकांची मनापासून सेवा केली. लढाई जिंकून आलेले गुरु होते, पण या स्थानाला नाव मिळाले ते सेवा करणाऱ्या एका साध्या माणसाचे!

नाताळच्या याच दिवसांत पंजाबमध्ये गुरु गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांचे, साहिबजादा जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांचे स्मरण केले जाते. आजी माता गुजरी यांच्यासह त्यांना सरहिंदच्या थंड बुरुजात कोंडले होते. मोतीराम मेहरा नावाच्या सेवकाने जिवाची पर्वा न करता त्यांना दूध नेऊन दिले, असे परंपरा सांगते. हे स्मरण म्हणून फतेहगड साहिबकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी लंगर लागतात. दाट धुके असते, बोटे गारठतात, तरी लहान मुलेमुली येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा, पाणी, भोजन देत उभी असतात. २०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस देशभर 'वीर बाल दिवस' म्हणून पाळला जातो.

गुरुद्वाऱ्यात मुले कोणती कामे करतात, हे कधी नीट पाहा. कोणी 'जोडाघर' सांभाळते. आपल्या मराठीतही पायताणाला जोडे म्हणतातच. परक्याचे जोडे हातात घेऊन ते नीट ठेवायचे, कधी पुसायचेही. कोणी पंगतीत पाणी वाढते. कोणी दोन्ही ओंजळी पुढे करणाऱ्याच्या हाती पोळी देते. आपल्याकडच्या पंगतीतही मुलांच्या वाट्याला आधी मीठ, लिंबू, पाणी वाढण्याचेच काम येते.

यातली खरी शिकवण पुढे आहे. आता वाढणारे मूल थोड्या वेळाने त्याच पंगतीत जेवायला बसते आणि आधी जेवून उठलेला कोणी तरी त्याला वाढतो. घेणारा लहान आणि देणारा मोठा, हा भाव तेथे उरतच नाही. सेवा आणि उपकार यांत हाच फरक आहे.

आपले कोठे चुकते?

माझ्या शाळेच्या दिवसांत, नाताळच्या सुट्टीत आम्हां मुलांना एका वृद्धाश्रमात नेले होते. आम्ही फळे वाटली, फोटो काढले आणि अर्ध्या तासात निघालो. निघताना एका आजींनी माझा हात धरून विचारले, "पुन्हा कधी येशील?" मला उत्तर देता आले नाही आणि मी पुन्हा गेलोही नाही. आजही केळी वाटताना काढलेला तो फोटो पाहिला की लाज वाटते. त्या दिवशी आजींना केळे नको होते, कोणी तरी जवळ बसायला हवे होते. आम्ही मात्र आमचा कार्यक्रम पार पाडला होता.

म्हणून सेवेचे काम निवडताना तीन गोष्टी पाहा. त्या कामाची समोरच्याला खरोखर गरज आहे का? ते पुन्हा पुन्हा करता येईल का? आणि आपण स्वतः मुलासोबत ते करणार आहोत का?

काय करता येईल?

• लहान मुले: घरी पाहुणे आले की पाणी देणे, चपला रांगेत लावणे, पक्ष्यांसाठी रोज पाणी ठेवणे.

• आठ ते बारा वर्षांची मुले: शेजारच्या आजोबांना रोज ठरलेल्या वेळी वर्तमानपत्र वाचून दाखवणे. लहान झालेले स्वेटर धुऊन, तुटलेली बटणे लावून देणे. जे आपल्याला घालावेसे वाटणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.

• मोठी मुले: कामवाल्या मावशींच्या मुलाला गणित किंवा इंग्रजी शिकवणे, पण आधी त्या मुलाला विचारून, बरोबरीने बसून.

काम केल्याबद्दल चॉकलेट देऊ नका आणि फोटोही काढू नका. मूल कंटाळले तर रागावू नका. अर्धा तासही पुष्कळ आहे. वाढताना वरण सांडले तर फडके घ्या आणि दोघे मिळून पुसा. त्या क्षणी आपण ओरडलो, तर मूल सेवा नव्हे, भीती शिकेल.

एक छोटी वही

मी वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे जमाखर्चाची सवय आहे. मुलाला या सुट्टीसाठी एक वही द्या. मात्र तिच्यात आपण कोणाला काय दिले, हे लिहायचे नाही. रात्री झोपण्यापूर्वी फक्त एवढेच लिहायचे: आज माझ्यासाठी कोणी काय केले? पहाटे दूध कोणी आणले, कचरा कोणी नेला, रात्री थंडीत फाटकावर कोण उभे होते. चारपाच दिवसांत पान भरेल. मग 'मी कोणासाठी काय करू?' हा प्रश्न आपल्याला विचारावा लागणार नाही. मूलच तो विचारील.

विचार करा: गेल्या महिनाभरात माझ्या मुलाने मला दुसऱ्याची सेवा करताना किती वेळा पाहिले?

या प्रश्नाचे उत्तर मनाशी प्रामाणिकपणे द्या आणि उद्या सकाळी मुलाचा हात धरून एका छोट्या कामाने सुरुवात करा. सुट्टी दहा दिवसांत संपेल. शेजारच्या आजोबांनी "उद्या येशील ना?" असे विचारले, तर शाळा सुरू झाल्यावरही मुलाला "हो" म्हणता यावे, एवढीच प्रार्थना.