पाच काउंटर, एक खतावणी

प्रश्न : आमची पतसंस्था लहान आहे. सगळा हिशेब एक्सेलमध्ये होता. काउंटर वाढत पाच झाले आणि फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली असल्याची पाटी रोज झळकू लागली. आता सॉफ्टवेअर करून घेतोय. करणारा मुलगा म्हणतो, एसक्यूलाइट पुरे. आमचे एक संचालक म्हणतात, लोकांच्या ठेवी फुकटच्या डेटाबेसवर ठेवायच्या का? विकतचाच घ्या. खरं कोणाचं? पुढे पिग्मी एजंटांनाही मोबाइलवरून नोंद करता यावी, असं मनात आहे.
– एक व्यवस्थापक, इचलकरंजी

उत्तर : आधी मुलाचं. एसक्यूलाइट हलक्यात घेण्यासारखी चीज नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली ती आणली, आज ती तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहे. तिचा अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. एका वेळी एकच जण लिहिणार, बाकीचे थांबणार. पाच काउंटरांना ते थांबणं जाणवणारही नाही. अडचण अशी की त्या फाइलीला राखणदार नाही. वापरकर्ते, पासवर्ड, कोणाला काय दिसावं, यातलं तिला काही ठाऊक नसतं. शिवाय शेअर केलेल्या फोल्डरमधून पाच संगणकांनी ती उघडली तर कुलपं नीट लागत नाहीत आणि फाइल बिघडू शकते. हा इशारा बनवणाऱ्यांनीच दिलेला आहे.

तुम्हाला सर्व्हरवर चालणारा डेटाबेस हवा. त्यात काउंटरवाला वहीला हात लावत नाही, खिडकीतून मागणी करतो. माझी पसंती पोस्टग्रेसला. संचालकांना सांगा, याचं मूळ १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात आहे, आणि त्यांना डेटाबेसमधल्या कामासाठी संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार २०१४ सालचा मिळाला. फुकट आहे ते परवान्यामुळे. मायएसक्यूएलही चालेल, मुलाचा हात ज्यावर बसलाय ते घ्या.

पण चांगला डेटाबेस आणला म्हणून शिल्लक आपोआप सांभाळली जात नाही. समजा, खात्यात १०,००० आहेत. एका काउंटरवर ४,००० काढले जाताहेत, त्याच क्षणी दुसरीकडे पिग्मीचे ५०० जमा होताहेत. दोन्ही पडद्यांनी १०,००० वाचले. पहिल्यानं ६,००० लिहिले, मागोमाग दुसऱ्यानं १०,५००. खरी शिल्लक ६,५००, म्हणजे संस्थेला ४,००० ची खोट, आणि संध्याकाळी रोख मोजताना कॅशियरच्या पोटात गोळा! पोस्टग्रेस मूळ सेटिंगवर हे अडवत नाही. मुलाला सरळ विचारा, शिल्लक वाचून, आकडेमोड करून परत लिहितोस का? ‘असेल त्यातून ४,००० वजा कर’ असा हुकूम द्यायला हवा, नाहीतर वाचतानाच त्या ओळीला कुलूप लावायला हवं. खात्यातली वजावट आणि कीर्दीतली नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

सुरक्षेची पहिली परीक्षा तुम्ही स्वतः घेऊ शकता. डिसोझा हे आडनाव इंग्रजीत भरा, डी नंतरच्या अपॉस्ट्रॉफीसह. प्रोग्रॅम कोसळला तर समजा, पडद्यावर भरलेला मजकूर जसाच्या तसा हुकुमात शिवला जातोय. मग नावाच्या जागी एखादा महाभाग स्वतःचा हुकूमही शिवेल. मजकूर पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवला की हा प्रश्न मिटतो.

प्रोग्रॅमला डेटाबेसचा सर्वाधिकारी लॉगिन देऊन ठेवणं ही आळसाची रीत. वेगळा, मोजक्या अधिकारांचा लॉगिन करा. कीर्दीच्या तक्त्यात त्याला नवी नोंद घालता यावी, वाचता यावं. बदलता किंवा पुसता येऊ नये. कागदी कीर्दीत तरी खाडाखोड कुठे चालायची? चुकलं तर उलट नोंद. आणि प्रत्येक कारकुनाचा लॉगिन वेगळा. पाच जणांत एक पासवर्ड असला की चूक कोणाचीच नसते.

एजंटांचा मोबाइल तुमच्या प्रोग्रॅमशी बोलेल, डेटाबेसशी नाही. पोस्टग्रेसचा ५४३२ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डाविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कोणीतरी पुसले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. तिथं कुलूप फोडावं लागलंच नव्हतं.

बॅकअप तुम्ही घेत असालच. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनीही घेत होती. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरनं रात्री चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला, आणि बॅकअपच्या ठरवलेल्या वाटा ऐनवेळी कामी आल्या नाहीत. वाचवलं ते योगायोगानं सहा तास आधी काढलेल्या प्रतीनं. तेव्हा एखाद्या रविवारी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि शनिवारच्या रोजमेळाशी बेरीज ताडून पाहा. पहिल्या खेपेला जुळेल असं धरून चालू नका, दुपार मोकळी ठेवा.