आधुनिक कवितेतील वियोग आणि निराशा : तुलना कशी करावी?

प्रास्ताविक

मागील घटकात आपण नवकवितेची पार्श्वभूमी पाहिली. या घटकात बा. सी. मर्ढेकर (१९०९-१९५६) आणि ग्रेस (१९३७-२०१२) या दोन कवींच्या एकेका कवितेची तुलना करावयाची आहे. दोन्ही कविता तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत. त्या समोर ठेवूनच पुढील विवेचन वाचावे. कविता न वाचता तिच्यावरील टिपणे वाचण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि प्रस्तुत पुस्तिकाही त्या सवयीला हातभार लावू शकते, याची जाणीव आहे.

या विषयावरील बहुतेक उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : ‘दोन्ही कवींच्या काव्यात दुःख, वियोग, वैफल्य व निराशा यांचे प्रभावी चित्रण आहे.’ हे वाक्य चुकीचे ठरत नाही आणि तरीही त्यातून काहीच कळत नाही. चार शब्द एकमेकांना लागून ठेवले की ते एकाच गोष्टीची चार नावे वाटू लागतात. वास्तविक वियोग आणि निराशा हे दोन भिन्न अनुभव आहेत, आणि कवितेची भाषा तो भेद स्पष्टपणे नोंदवीत असते.

दोन शब्द, दोन दिशा

‘हरवणे’ हे साधे क्रियापद घ्या. ‘हरवले’ एवढेच म्हणून कोणी थांबला, तर ऐकणारा लगेच विचारतो, कोणाचे? काय? म्हणजे या क्रियापदाला दोन जागा भरून हव्या असतात : ज्याची वस्तू होती तो आणि ती वस्तू. वियोगाचे तसेच आहे. कोणीतरी कोणाचे तरी होते, आता ते नाही. नाते तुटले असे आपण म्हणतो, परंतु व्याकरणाच्या दृष्टीने ते तुटलेले नसते. ‘माझी आई गेली’ या वाक्यात ‘माझी’ हा शब्द शाबूतच राहतो.

‘निराशा’ म्हणजे आशेचा अभाव. आशा पुढे पाहणारी असते. तेव्हा तिचा अभाव हाही भविष्याविषयीचा अनुभव झाला. वियोगाचे तोंड भूतकाळाकडे असते, निराशेचे भविष्याकडे. वियोगी माणसाजवळ निदान काय गेले हे सांगता येते. पूर्ण निराश झालेल्या माणसाला तेही सांगता येत नाही.

हा भेद आधुनिक समीक्षेनेच शोधला असे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांतील फरक सांगताना हाच मुद्दा येतो : विप्रलंभात अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती उरत नाही. रससिद्धान्त आधुनिक कवितेला जसाच्या तसा लावू नये, हे खरे. पण इतके जुने आणि इतके धारदार साधन हाती असताना ते बाजूला का ठेवावे?

मर्ढेकर : ज्या दुःखाला धनी नाही

मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दुःख ओळखीचे आहे. तिथे एक ‘मी’ आहे, ऋतू आहेत, हातून निसटलेले काही आहे. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये मात्र हा ‘मी’ अनेकदा दिसेनासा होतो. दरम्यान दुसरे महायुद्ध होऊन गेलेले होते.

पिंपात मेलेल्या उंदरांची कविता या दृष्टीने वाचा. प्रथम तीत ‘मी’ शोधा. तो सापडणार नाही. मग मारणारा शोधा, तोही नाही. उंदरांच्या माना कोणी पिरगाळलेल्या नाहीत, त्या आपोआप पडल्या आहेत. क्रियापदे अकर्मक आहेत : मरणे, पडणे, जगणे. ज्या क्रियेला कर्मच नाही, तिच्यात कोणी कोणाला काही केले असे उरत नाही; म्हणून येथे राग धरायलाही कोणी नाही. ओठांवर ओठ येतात, पण त्यांत ओढ नाही. प्रेमकवितेची सारी सामग्री येथे आहे, केवळ प्रेम वजा झालेले आहे.

आणि मग कवितेच्या मध्यावर काळ बदलतो. आतापर्यंत भूतकाळात चाललेले निवेदन अचानक ‘आहे’वर येते आणि जगण्याच्या व मरण्याच्याही सक्तीची गोष्ट निघते. हे ‘आहे’ वर्तमानातील एखादी घटना सांगत नाही. ते नियम सांगते, एखाद्या कचेरीच्या फलकावर लिहिलेला असावा तसा. ‘सक्ती’ या नामालाही ‘हरवणे’प्रमाणे दोन जागा लागतात : कोणाची सक्ती आणि कोणावर. कवीने दोन्ही रिकाम्या ठेवल्या आहेत. माझ्या मते या कवितेतील निराशा ‘उदास’ या अर्थाच्या शब्दांत नसून या दोन रिकाम्या जागांत आहे.

पुढे ‘बेकलाइट’ हा शब्द येतो. विजेची बटणे, दूरध्वनी, रेडिओच्या पेट्या ज्यापासून बनत तो हा कृत्रिम पदार्थ. मर्ढेकरांची नोकरी आकाशवाणीतील होती हे येथे सहज आठवते. मधाच्या पोळ्याशेजारी हा शब्द ठेवल्याने गोडवाही कारखान्यातून आल्यासारखा होतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे छंद. ही कविता सोळा मात्रांच्या पादाकुलकात बांधलेली आहे. मोठ्याने म्हणून पाहिल्यास चाल जवळजवळ बालगीताची वाटते. इतरत्र मर्ढेकर अभंगाचा आणि ओवीचा साचा वापरतात. ज्या साच्यात संतांनी विठ्ठलाला हाक मारली, त्यात यंत्रयुगाची खरखर ऐकू येते. कवी ‘परंपरा हरवली’ असे म्हणत नाही. जुने घर तेच ठेवून तो आत वेगळीच माणसे राहावयास आणतो. निराशेच्या या कवितेत वियोग आहे तो असा, छंदात.

येथे एलियटचा उल्लेख करणे भाग आहे, कारण उत्तरांत तो येतोच. ‘द वेस्ट लँड’ (१९२२) मध्येही धुक्यातून चाललेली निर्जीव गर्दी आहे. परंतु एलियट गमावलेल्या संस्कृतीचे तुकडे उघडपणे गोळा करतो आणि शेवटी बृहदारण्यकोपनिषदातील दान, दया, दमन या उपदेशापर्यंत येतो. मर्ढेकरांच्या उंदरांना असा उपदेश करणारा कोणी भेटत नाही. तेव्हा ‘मर्ढेकरांवर एलियटचा प्रभाव आहे’ हे वाक्य लिहिल्यावर तेथेच थांबू नये.

ग्रेस : क्रिया संपते, भोवताल संपत नाही

माणिक गोडघाटे यांनी ‘ग्रेस’ या नावाने लिहिले. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) हा त्यांचा पहिला संग्रह. आईच्या जाण्याची आणि त्या वेळच्या पावसाची त्यांची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या गायनामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवर असेल. किंबहुना चालीसकट ती इतकी पाठ असते की शब्दांकडे लक्षच जात नाही.

या कवितेतील क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा मारून पाहा. तिचे जाणे साध्या भूतकाळात, एका शब्दात संपते. पण पाऊस, सूर्य, वारा यांच्या क्रिया अपूर्ण भूतकाळात चालूच आहेत, आणि अशा क्रियापदाच्या शेवटी येणारे ‘होता’ कडव्याकडव्याच्या अंती परत परत येते. जाणारी एकदाच गेली. ज्या वेळी ती गेली ती वेळ मात्र अजून सरलेली नाही. ज्याने जवळचे माणूस गमावले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे, ‘ती’ हे सर्वनाम. सर्वनाम सामान्यतः आधी आलेल्या नामाच्या जागी येते. येथे ‘ती’ आधी येते, आणि ती आई होती हे पुढे कळते. तोवर वाचकाने तिच्या जागी आपल्या मनातील कोणीतरी ठेवलेले असते. तिसरे म्हणजे वस्तू : अंगण, खिडकी, कंदील. हे घर आहे, आणि ते कोणाचे तरी आहे. मर्ढेकरांच्या उंदरांनाही बिळे होती, पण ‘आमची बिळे’ असे म्हणणारा तिथे कोणी नव्हता.

काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात या कवितेला मी ‘निराशेची कविता’ म्हणून गेलो. मागच्या बाकावरील एका प्रौढ विद्यार्थिनीने हरकत घेतली. तिची आई त्याच वर्षी वारली होती. तिचे म्हणणे असे की निराश माणसाचे लक्ष खिडकीतल्या कंदिलाकडे जातच नाही. मी फळ्यावरचा शब्द पुसला.

आता एक सावधगिरी. ‘मर्ढेकर निराशेचे, ग्रेस वियोगाचे’ असे नवे समीकरण पाठ करू नका. मर्ढेकरांच्या प्रार्थनापर कविता आहेतच. त्यांत आज्ञार्थी क्रियापदे येतात, आणि मागणे मागायला समोर कोणी असावे लागते. मागणारा माणूस पूर्ण निराश नसतो. उलट ग्रेस यांच्या काही कवितांत ‘ती’ इतकी धूसर होते की नेमके काय गेले हे सांगता येत नाही, आणि वियोग निराशेच्या कडेला जाऊन पोहोचतो. निकष कवीला लावायचा नाही, कवितेला लावायचा आहे.

स्वाध्याय

आरती प्रभू (चिं. त्र्यं. खानोलकर) यांच्या ‘जोगवा’ (१९५९) किंवा ‘दिवेलागण’ (१९६२) या संग्रहांतील कोणतीही एक कविता निवडा. तिच्यातील सर्व क्रियापदे काळासह वेगळी लिहून काढा. ‘मी’, ‘तू’, ‘ती’ ही सर्वनामे कोणासाठी आली आहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, ते नोंदवा. ‘जोगवा’ निवडल्यास संग्रहाच्या नावातच मागणे आहे, याचाही विचार करा. त्यानंतरच ‘वियोग’ किंवा ‘निराशा’ यांपैकी एक शब्द वापरून दोनशे शब्दांत उत्तर लिहा. दोन्ही शब्द वापरावेसे वाटल्यास कवितेतील कोणत्या ओळीनंतर एक संपून दुसरी सुरू होते, ते दाखवा.