फोन लावण्याआधी मीटर लाव

चि. ओंकार,

तुझा निरोप मिळाला. पावसाळ्यात लाईट गेली की अडीअडचणीला फोनपुरता चार्जर घरीच बनवायचा, हे तू मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मुंबई-पुण्याची माणसं घरच्यांच्या आवाजासाठी तळमळत होती. तेव्हा शाळेचा प्रकल्प म्हणून नको, घराला लागणारी वस्तू म्हणून कर.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. ९ व्होल्टचा चौकोनी सेल आणि ७८०५ ही तीन पायांची आयसी. जोडणी चुकीची नाही, पण हिशोब मांडून बघ. त्या सेलमध्ये जेमतेम ४.५ वॉट-तास ऊर्जा असते. ७८०५ नवाचे ५ व्होल्ट करते ते वरचे ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवून. सेल ७ व्होल्टच्या खाली उतरला की तिला ५ सुद्धा धड देता येत नाहीत. तुझा ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला साधारण १९ वॉट-तास लागतात. पडद्यावर चार्जिंगची खूण उमटते, तेवढ्यावर लोक समाधान मानतात. फोन मात्र दहा टक्केही भरत नाही.

जुन्या लॅपटॉपमधून लिथियमचे सेल काढायचा विचार आत्ता सोडून दे. ते ४.२ व्होल्टच्या वर चढले किंवा आतून शॉर्ट झाले तर पेट घेतात, आणि वापरलेल्या सेलच्या पोटात काय झालंय ते बाहेरून कळत नाही. घरात आजी एकटी असते, हे लक्षात असू दे.

माझं ऐकशील तर कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ एएचची सीलबंद बॅटरी आण. वजन दोन किलोंच्या वर आहे, पण कडी असलेल्या डब्यात घातली की उचलून शेजारीही नेता येते. सोबत गाडीत लावतात तो साधा यूएसबी चार्जर आणि तो बसेल असं सॉकेट घे. त्या चार्जरमधलं सर्किट व्होल्टेज उतरवताना फारसं काही जाळत नाही, आणि गाडीच्या बॅटरीसाठीच बनवलेलं असल्यामुळे तुला काही नवं शोधायचं उरत नाही. सॉकेटच्या तळाचा मधला बिंदू प्लस, कडेचा पत्रा मायनस. उलटं झालं तर चार्जर गेलाच म्हणून समज.

प्लसच्या वायरवर ३ अँपियरचा फ्यूज घालायचा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. दूर घातलास तर मधली वायर कुठे घासून उघडी पडली तेव्हा फ्यूजचा काही उपयोग नाही. ही बॅटरी लहान दिसली तरी शॉर्ट झाल्यावर वायर लालबुंद करते. सोल्डर केलेल्या जागी नुसती टेप गुंडाळू नकोस, कोकणातल्या दमट हवेत ती सुटते. हीटश्रिंक नळी चढव.

बॅटरीत ८४ वॉट-तास असतात, पण निम्मेच वापरायचे. जोडलेलं सगळं काढून थोडा वेळ थांब आणि मीटर लाव: १२.२ व्होल्ट दिसले की तिथे थांबायचं. वाटेतला तोटा धरून तुझा फोन दीड वेळा भरेल. आजीचा बटणांचा फोन सात-आठ वेळा. म्हणून वीज गेली की आधी आजीचा फोन भरायचा, आणि तुझ्या फोनवर व्हिडिओ बंद.

बॅटरी भरायला १३.८ व्होल्टचा चार्जर लागतो, आणि भरताना डब्याचं झाकण उघडं ठेवायचं. रिकामी करून फळीवर टाकलीस तर आतल्या शिशाच्या प्लेटा सल्फेट धरून निकामी होतात. एप्रिल-मेमध्ये पूर्ण भर, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी भरत जा.

सामान आणायला बाबांना सोबत ने. जुनी बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस, आणि नव्या बॅटरीवरची तारीख पाहून घे. जोडणी झाली की लगेच फोन लावू नकोस. यूएसबीचे व्होल्ट मीटरवर मोज आणि आकडा मला कळव. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये असेल तर पुढे जाऊ, नसेल तर मी रविवारी येते तोवर तसंच राहू दे.

तुझी,
आत्या