गृहसंग्रहासाठी अनेक डिस्कांची योजना

खेड्यातील सामान्य कुटुंबातही आज चित्रे, ध्वनी व चलच्चित्रे यांचा संग्रह नकळत वाढत असतो. लग्नसमारंभाचे चित्रण, शाळेचे स्नेहसंमेलन, सप्ताहातील कीर्तन, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या हे सारे मोबाइलमधून संगणकात व तेथून हार्ड डिस्कमध्ये जाते. एक डिस्क भरली की दुसरी येते आणि मग अनेक डिस्क एकत्र बसणारी पेटी घ्यावी काय, असा प्रश्न उभा राहतो. गावात हा प्रश्न बहुधा शिक्षकासच विचारला जातो. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे शिक्षकांस अवगत असणे इष्ट होय.

१. संग्रहाची वर्गवारी व मोजमाप

प्रथम संग्रहाचे दोन भाग करावेत. जे पुन्हा मिळू शकते ते एका भागात ठेवावे. उदाहरणार्थ, विकत घेतलेले चित्रपट व गाणी. जे पुन्हा मिळणे अशक्य, ते दुसऱ्या भागात ठेवावे. ओव्या म्हणणारी आजी हयात नसेल, तर ते ध्वनिमुद्रण जगात दुसरीकडे कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे.

नंतर मोजमाप करावे. एक टेराबाइट म्हणजे दहा लक्ष मेगाबाइट. एक छायाचित्र ४ मेगाबाइटांचे धरल्यास एका टेराबाइटात अडीच लक्ष छायाचित्रे मावतात. दर सेकंदास १ मेगाबाइट या प्रमाणात केलेल्या चित्रणास तासाला ३.६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एका टेराबाइटात सुमारे २७७ तासांचे चित्रण राहते. या हिशेबाने पाहता, पुन्हा न मिळणारा भाग बहुतेक घरी एक-दोन टेराबाइटांच्या आतच आढळेल. जागा खाणारा भाग बहुधा पुन्हा मिळण्याजोगाच असतो.

२. डिस्कांच्या जुळणीचे प्रकार

१९५६ साली आयबीएम कंपनीने काढलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्यांत केवळ ५० लक्ष अक्षरे मावत. पुढे डिस्क लहान व स्वस्त झाल्या. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतींची पद्धतशीर मांडणी केली. त्या पद्धतींस 'रेड' हे नाव पडले. प्रत्येकी ४ टेराबाइटांच्या चार डिस्क घेतल्या असता मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे होतात.

(अ) रेड शून्य : माहितीचे तुकडे करून ते चारही डिस्कांवर वाटले जातात. १६ टेराबाइट जागा मिळते. परंतु एक डिस्क बिघडताच सर्व संग्रह जातो. गृहसंग्रहास हा प्रकार वर्ज्य समजावा.

(आ) रेड एक : एका डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा दुसरीवरही लिहिला जातो. दोन जोड्या केल्यास एकूण ८ टेराबाइट जागा मिळते. प्रत्येक जोडीतील एक डिस्क गेली तरी काम चालते.

(इ) रेड पाच : तीन डिस्कांइतकी माहिती व एका डिस्कइतकी ताळ्याची नोंद चारही डिस्कांवर वाटून ठेवली जाते. १२ टेराबाइट जागा मिळते व कोणतीही एक डिस्क गेलेली चालते.

(ई) रेड सहा : ताळ्याच्या दोन स्वतंत्र नोंदी असल्याने ८ टेराबाइट जागा मिळते व कोणत्याही दोन डिस्क गेलेल्या चालतात.

ताळ्याची नोंद म्हणजे काय, हे वर्गात बेरजेच्या साहाय्याने दाखविता येईल. तीन विद्यार्थ्यांच्या पाट्यांवर २४, ३१ व १८ हे अंक लिहावेत आणि चौथ्याच्या पाटीवर त्यांची बेरीज ७३ लिहावी. ३१ ची पाटी झाकली, तरी ७३ मधून २४ व १८ वजा करून ती संख्या परत मिळते. दोन पाट्या झाकल्या की मात्र उत्तर निघत नाही. यंत्रातील क्रिया प्रत्यक्ष बेरजेची नसून शून्य व एक या अंकांवर होणारी असते. तथापि तत्त्व हेच होय.

हे गणित यंत्रासही वेळ घेऊन करावे लागते. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली असता, सेकंदास १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट भरून काढण्यास निदान सात-साडेसात तास लागतात. तोवर इतर सर्व डिस्क अखंड वाचल्या जातात, आणि तेवढ्यात रेड पाचमधील दुसरी डिस्क बिघडली तर संग्रह हातचा जातो. शिंगल्ड पद्धतीच्या, म्हणजे कौलांप्रमाणे लेखनाचे पट्टे एकमेकांवर सरकवून लिहिणाऱ्या डिस्कांत हा काळ फारच लांबू शकतो. ताळ्याच्या जुळणीसाठी अशा डिस्क घेऊ नयेत.

३. जुळणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. जुळणीमुळे डिस्कच्या बिघाडापासून रक्षण होते, इतकेच. चुकून एखादी फाइल पुसली, तर ती जोडीतील दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. चोरी, आग, पुराचे पाणी किंवा विजेचा लोळ यांपुढे एका पेटीतील चार डिस्क एकाच डिस्कसारख्या असतात.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था होती; परंतु ती नीट चालत नसल्याचे त्या वेळीच उघडकीस आले. तान्ह्या मुलामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन ससमन या तंत्रप्रमुख बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम वाचले. दुसऱ्या घरी असलेली एक साधी प्रत मोठ्या यंत्रणेहून उपयोगी ठरली.

४. निवड कशी करावी

निवडीत खर्चाच्या मर्यादेप्रमाणे पुढील क्रम ठेवावा.

दोनच डिस्क घेण्याची ऐपत असेल, तर त्या एका पेटीत जोडू नयेत. एक घरी वापरावी. दुसरीवर संपूर्ण नक्कल करून ती भावाकडे, लेकीकडे अथवा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी व दरमहा आणून अद्ययावत करावी.

तीन डिस्क घेता येत असतील, तर दोन डिस्कांची रेड एक जुळणी घरी ठेवावी व तिसरी डिस्क अन्यत्र ठेवावी.

चार किंवा अधिक डिस्कांची पेटी संग्रह एका डिस्कमध्ये मावेनासा झाल्यावरच घ्यावी. आज २० टेराबाइटांहून मोठ्या डिस्क मिळत असल्याने बहुतेक घरांवर ही वेळ येत नाही. आली तर रेड पाचपेक्षा रेड सहा अधिक निर्धास्त होय. अशा वेळीही पुन्हा न मिळणाऱ्या भागाची प्रत स्वतंत्र डिस्कवर घराबाहेर असलीच पाहिजे. शिवाय पेटीच बिघडली तर तिच्यातील डिस्क साध्या संगणकावर वाचता येतील काय, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

५. निगा

वीज वारंवार जाणाऱ्या गावी पेटीस बॅटरीचा यूपीएस जोडावा. लिहिता लिहिता वीज गेल्यास नोंदी अर्धवट राहतात. पेटी धुळीपासून व उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवावी. डिस्क फिरत असताना ती हलवू नये. प्रत्येक डिस्कवर खरेदीची तारीख व आतील मजकूर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. तीन महिन्यांनी एकदा राखीव प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

अभ्यासासाठी

(१) प्रत्येकी ६ टेराबाइटांच्या पाच डिस्क असता रेड पाच व रेड सहा या प्रकारांत किती जागा मिळेल?
(२) पाट्यांवरील संख्या १७, ४२, एक झाकलेली आणि बेरीज ९० असल्यास झाकलेली संख्या कोणती?
(३) शाळेजवळील चित्रे व ध्वनिमुद्रणे यांची यादी करून, पुन्हा न मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या प्रती किती व कोठे आहेत, हे तिच्यापुढे लिहावे. एकच प्रत असेल तेथे त्याच आठवड्यात दुसरी करावी.