उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग

प्रश्न : माझी २००९ची वॅगन आर पावसाळ्यात महिनाभर उभी होती. उंदरांनी बॉनेटखालच्या चार-पाच वायरी कुरतडल्या. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण वायरिंग बदला. एवढा खर्च करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका. एक कौल फुटलं म्हणून कोणी अख्खं छप्पर उतरवत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. मग त्याच जाडीची वायर सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली, की जोड टिकतो. नुसती काळी टेप नको. इंजिनाच्या उष्णतेनं तिचा डिंक सुटतो आणि तांबं उघडं पडतं. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा तर मुळीच टाकू नका, वायर पेटेल. एअरबॅग किंवा एबीएसची वायर असेल, तर मात्र जोड न देता अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.

उंदीर भुकेपोटी वायर खातो असं नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यामुळे उंदीर पळवायला बॉनेटमध्ये तंबाखू ठेवण्यावर माझा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा गाडी दोन दिवसांआड फिरवा आणि एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्यांचं घरटं आहे का, तेही उघडून बघा.